हिरव्या पडद्यापुढची हिरवी साडी

मी आजवर एक पोपट, दोन छत्र्या, अर्धा डझन काकड्या, एका सरपंचांचा फेटा आणि एका बाईचं अख्खं पोट गायब केलेलं आहे. पोलिसांत एकही तक्रार नाही. पोपट, छत्र्या आणि फेटा ज्याचे त्याला परत मिळाले. काकड्या आम्ही खाल्ल्या. पोटाची गोष्ट मात्र मोठी आहे. ती सांगण्यासाठीच लिहायला बसले आहे. पण आधी माझा धंदा काय ते सांगते, नाहीतर वाचणारे मला भानामतीवाली समजतील. आमच्या भागात तसं समजायला लोकांना फार वेळ लागत नाही.

जुन्या जालन्यात कापडाच्या ठोक दुकानांच्या मागच्या गल्लीत माझं शिवणाचं दुकान आहे. ब्लाउज, फॉल-पिको, परकर, शाळेच्या गॅदरिंगचे पोशाख. बावीस वर्षं मी बायकांच्या पाठी मोजल्या. कोण जाड झाली, कोण वाळली, कोण माहेरून रडून आली, हे मला टेप लावला की कळतं. आता रेडिमेड ब्लाउज आले, मापं घ्यायला कोणी थांबत नाही, आणि माझ्या हातात टेपच्या जागी फोन आला. पाटी मात्र तीच आहे. तिच्यावर "लेडीज टेलर" खाली पोराटोरांच्या अक्षरात "हिरव्या पडद्याचे व्हिडिओ करून मिळतील" एवढं वाढलं.

ते कसं वाढलं, तर करोनाच्या साली एका शाळेची ऑर्डर होती. गॅदरिंगमध्ये चाळीस पोरं झाडं होणार होती, म्हणून मी हिरव्या पॉपलीनचं ठाण आणून ठेवलं. शाळाच बंद झाली. घरात मी, आमचे हे आणि ते ठाण. आमचे हे एसटीत कंडक्टर. गाड्या बंद, त्यामुळे तेही त्या ठाणासारखेच घडी घालून बसलेले. एका दुपारी फोनवर एक मुलगा दिसला. हिरव्या कापडापुढे उभा होता आणि पुढच्या क्षणाला चंद्रावर. मी म्हटलं, कापड आपल्याकडे आहे, फोन आहे, आणि उभं राहायला नवरा आहे. आणखी काय लागतं?

यांना तिकिटाची पेटी अडकवून उभं केलं. चार दिवस खटपट केली आणि पाचव्या दिवशी यांना चंद्रावर उतरवलं. तिथं कोणी प्रवासी नव्हता तरी यांनी सवयीनं "पुढं सरका, पुढं सरका" म्हटलं. तो व्हिडिओ डेपोतल्या सगळ्यांच्या फोनवर फिरला. बावीस वर्षं मी शिवलेल्या ब्लाउजांनी माझं जेवढं नाव झालं नव्हतं, तेवढं त्या एका मिनिटानं झालं.

या कामात जादू वगैरे काही नाही. पाठीमागे एकाच रंगाचं कापड लावायचं, पुढे माणूस उभा करायचा आणि फोनमधल्या अ‍ॅपला सांगायचं, हा रंग जिथं दिसेल तिथं पुसून टाक. पुसलेल्या जागी खालचं चित्र दिसतं. ते ताजमहालाचं असो की चंद्राचं. रंग हिरवाच का, तर माणसाच्या अंगात तो नसतो. माणूस रागानं लाल होतो, आजारानं पिवळा पडतो, मार खाऊन काळानिळा होतो. हिरवा काही होत नाही.

बाकी सगळं टेलरचं काम आहे, हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगेन. साटीन चालत नाही, ते चमकतं आणि चमकलेला हिरवा फोनला पांढरा वाटतो. पॉपलीन उत्तम. एकही चुणी नको, कारण चुणीत सावली पडते आणि सावलीतला हिरवा वेगळा. म्हणून पडद्याला दर वेळी इस्त्री. माणूस पडद्याला टेकून उभा राहिला तर त्याची सावली कापडावर आणि कापडाची हिरवट झाक त्याच्या गालावर, म्हणून चार पावलं पुढे. उजेड दोन्ही बाजूंनी सारखा. गिऱ्हाईक यायच्या आधी मी माझा ब्लाउजचा पुतळा तिथं उभा करून उजेड बघून घेते. त्या पुतळ्यानं जेवढं जग पाहिलंय तेवढं आमच्या गल्लीत कुणी पाहिलं नसेल, आणि त्याला तर डोकंसुद्धा नाही.

गिऱ्हाइकं एकेक नग असतात. एका निवृत्त हेडमास्तरांना हिमालयात जायचं होतं. महिना मे. ते स्वेटर, मफलर, कानटोपी घालून आले. पंखा लावता येत नाही, पडदा हलतो. तिसऱ्या मिनिटाला त्यांच्या कपाळावरून घाम ओघळायला लागला. मी म्हटलं, सर, हिमालयात घाम दिसतोय. त्यांनी शांतपणे सांगितलं, "बर्फ वितळून राह्यला म्हणावं." अंबडच्या एका मोसंबीवाल्यांना जाहिरात करायची होती. मी फोनवरच बजावलं, दादा, आपल्याकडची मोसंबी पिकली तरी हिरवटच राहते, पडद्यापुढे ती दिसायची नाही. ते म्हणाले, माझा माल एक नंबर आहे, तो कसा दिसणार नाही? दोन्ही हातात दोन मोसंब्या घेऊन त्यांनी भाषण ठोकलं. व्हिडिओत ते दोन रिकाम्या मुठींकडे अशा प्रेमानं बघत होते की मला भरून आलं. त्यांनी तीच जाहिरात लावली. लोकांनी इतकी बघितली की मी गप्प बसले.

मोसंबीवाल्यांना मी बजावू शकले, कारण तोपर्यंत मला धडा मिळालेला होता. तो धडा मला केदारखेड्याच्या कौसाबाईंच्या सुनेनं दिला, किंवा मी तिला दिला. अजून माझं मला ठरवता आलेलं नाही.

माझं मुख्य काम डोहाळजेवणाचं. तिथं बायकाच बायका असतात, गाणी, थट्टा, चावटपणा चालतो. तिथं पुरुष फोटोवाला आला की सगळ्या पदर सावरून गप्प बसतात. मी गेले की कुणी सावरत नाही, उलट माझ्यावरच दोन गाणी होतात. पण ही मी सांगतेय ती वेळ म्हणजे माझं पहिलंच डोहाळजेवण. तोपर्यंत वाढदिवस, बारशी, चंद्रावर जाणारे कंडक्टर, एवढंच केलेलं.

पल्लवीनं, म्हणजे कौसाबाईंच्या त्या सुनेनं, मला फोन केला तो महिनाभर आधी. सासर केदारखेड्याचं. तिचा नवरा संतोष मस्कतला क्रेन चालवतो. डोहाळजेवणाला त्याला सुटी मिळत नव्हती. ती फार हळू बोलत होती, बहुतेक घरात कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. "ताई, त्यांना माह्या शेजारी बसवता येईल का?" एवढंच तिचं मागणं. मी म्हटलं, शेजारी काय, मांडीवर बसवते. ती हसली नाही. मग तिनं सांगितलं की हे दुसऱ्यांदा आहे. पहिल्या वेळी पाचव्या महिन्यात राहिलं नाही. तेव्हाही संतोष तिकडेच होता, आणि त्या वेळचा नवरा-बायकोचा एकत्र असा एकही फोटो नाही. या वेळी तो शेजारी पाहिजे, म्हणाली, नुसता फोनमधी असला तरी चालंल.

सासूबाईंचा, म्हणजे कौसाबाईंचा, या सगळ्याला विरोध होता. जे अजून आलं नाही त्याची बातमी कशाला करायची, हे त्यांचं म्हणणं. पहिल्या वेळी गावभर पेढ्यांची भाषा झाली होती आणि मग सगळ्यांना एकेक करून सांगत बसावं लागलं, ते त्यांच्या मनात होतं. शेवटी संतोषनंच फोनवर आईची समजूत घातली. बेत असा ठरला: शुक्रवारी केदारखेड्याला डोहाळजेवण. आदल्या दिवशी पल्लवीनं सजून माझ्या दुकानात यायचं, मी तिला पडद्यापुढे बसवून व्हिडिओ घ्यायचा. शुक्रवारी संतोषची आठवड्याची सुटी, त्यानं तिकडे हिरवी चादर लावून आपला व्हिडिओ पाठवायचा. मग मी दोघांना एका होडीत बसवणार. मागे समुद्र, वर चंद्र, दोन हंस. हंस मी स्वतः निवडले होते.

आता माझी चूक ऐका. डोहाळजेवणाला साडी हिरवीच. चुडा हिरवा, ब्लाउज हिरवा. तो ब्लाउज मीच शिवला. शिवताना मी साडीचा पदर माझ्या पडद्याला लावून पाहिला, आणि खरं सांगते, हरखून गेले. काय मॅचिंग होतं. बावीस वर्षं ज्या बाईचा जन्म मॅचिंग करण्यात गेला, तिला दोन हिरवे एकमेकांत असे मिसळलेले दिसले की दुसरं काही दिसतच नाही. हिरवं घालून पडद्यापुढे येऊ नये, हे मी फोनवरच्या त्या चंद्रावरच्या मुलाकडून ऐकलेलं होतं. मानही डोलावली होती. पण सवाष्णीनं हिरवं घालू नये, हे वाक्य आमच्या डोक्यात जाऊन बसायला जागाच नसते. ते आत आलं आणि उभ्या उभ्या निघून गेलं.

आणि दुसरी चूक माझ्या नाटकीपणाची. मी फोन दुकानातल्या टीव्हीला जोडून ठेवला होता. गुरुवारी केदारखेड्याहून जीप भरून बायका आल्या. पल्लवी, कौसाबाई आणि चार शेजारणी. पल्लवी फुलांच्या दागिन्यांत इतकी गोड दिसत होती की मी आधी तिच्यावरून बोटं मोडली. तिचा व्हिडिओ घेतला. मग सगळ्यांना टीव्हीपुढे सतरंजीवर बसवलं, चहा दिला, स्वतः एकदाही न बघता बटण दाबलं आणि म्हटलं, "बघा आता तुमची सून कुठं गेली ते."

सून कुठं गेली ते सगळ्यांनी पाहिलं. समुद्र होता, चंद्र होता, हंस होते. मध्ये फुलांच्या मुकुटातला चेहरा तरंगत होता. त्याच्या खाली, हवेत, दोन हात. ते हात पोटावर ठेवलेले होते, कारण मीच तिला तसं बसायला सांगितलं होतं. आणि हातांच्या मागे पोट नव्हतं. तिथून लाटा वाहत होत्या.

एक शेजारीण हळूच "अगं माय" म्हणाली आणि तिनं तोंडावर हात ठेवला. पल्लवी टीव्हीकडे बघतच राहिली. तिचे हात तिच्या खऱ्या पोटावर गेले, घट्ट, जणू कुणी ओढून नेतंय. कौसाबाईंनी आपला पदर तिच्या पोटावर धरला आणि मग उठल्या. त्या उंच, काटक बाई. आवाज चढवत नाहीत, त्यामुळे जास्त भीती वाटते.

"चल पोरी," त्या म्हणाल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "म्हनून मी न्हाई म्हनत होते, बाई. आता हे तिच्या मनातून कोन काढंल?"

त्यांचं बरोबर होतं. फोन मूर्ख आहे, त्याला साडी आणि पडदा यातला फरक कळत नाही, हे मी समजावून सांगितलं असतं तर त्यांनी ऐकूनही घेतलं असतं. पण मनातून काढणं वेगळं. ती पोरगी अशीच जीपमध्ये बसून गेली असती तर पुढचे दोन महिने डोळे मिटले की तिला ती लाट दिसली असती, आणि ती लाट माझ्याच दुकानातून तिच्याबरोबर गेलेली असती.

मला दुसरं काही येत नाही, मला तमाशा करता येतो. मी दाराशी आडवी झाले. म्हटलं, मावशी, दोन मिनिटं. उरलेलं पॉपलीन मी गळ्यापासून पायापर्यंत गुंडाळून घेतलं, टाचण्या लावल्या, फोन स्टँडवर ठेवला आणि पडद्यापुढे जाऊन नाचले. मी ऐंशी किलोची बाई आहे. अंबाबाईच्या गोंधळापासून लग्नातल्या वरातीपर्यंत मला जे जे येत होतं ते सगळं नाचले. मग धापा टाकत टीव्हीवर लावलं. समुद्रावर माझं एकटं डोकं, कढईतल्या वड्यासारखं वर-खाली, वर-खाली. हंसाच्या पाठीवरून जाताना ते थांबून दम खात होतं.

शेजारणींपैकी एकीला हसू आवरेना. दुसरी म्हणाली, मंगलताई, वजन उतरलं की तुमचं. मी म्हटलं, बघा, ऐंशी किलो गेले आणि मी तुमच्यापुढे उभी आहे. मेले का मी? पल्लवी माझ्याकडे बघत होती, टीव्हीकडे बघत होती, पण हात पोटावरून सुटले नव्हते. हसली नाही.

कौसाबाईही हसल्या नव्हत्या. त्या टीव्हीच्या जवळ गेल्या, माझ्या डोक्याखालच्या पाण्याकडे नीट बघितलं, मग मागे वळून पडद्याकडे. बाईनं आयुष्यभर बाजारात धान्य पारखून घेतलेलं, तसं त्या पारखत होत्या.

"मला गुंडाळ," त्या म्हणाल्या.

मी त्यांना गुंडाळलं. त्या पडद्यापुढे ताठ उभ्या राहिल्या, फोटोला उभं राहतात तशा. नाचल्या वगैरे नाहीत. दोन्ही हात पोटावर ठेवले, सुनेनं ठेवले होते अगदी तसेच. मी व्हिडिओ लावला. समुद्रावर कौसाबाईंचा चेहरा, कपाळावर ठसठशीत कुंकू, खाली दोन हात, आणि हातांच्या मागून लाटा. त्यांनी तो पूर्ण बघितला. एकदा मान हलवली.

"ह्या पोटानं तीन जनं काढले," त्या म्हणाल्या, "अन् ह्या डबड्याला दिसून न्हाई राह्यलं. एवढंच हाय ते, पल्लवी. त्याला डोळेच न्हाईत."

पल्लवीनं सासूकडे पाहिलं. सासू अजून हिरव्या पॉपलीनमध्ये उभी, खांद्यावर माझ्या टाचण्या, चेहरा मात्र न्यायाधीशासारखा. आणि ती पोरगी हसायला लागली. एकदा लागली ती थांबेना. हसता हसता एकदम पोट धरून म्हणाली, "आत्या, लाथ मारून राह्यलं." कौसाबाई म्हणाल्या, मारणारच, आजीला असं बघितल्यावर.

मग काय, चारही शेजारणींना गायब व्हायचं होतं. तासभर माझं दुकान म्हणजे जत्रा झाली. पण पल्लवीचं मागणं तसंच उभं होतं. साडी बदल म्हणणं माझ्या जिभेवर आलं होतं. तेवढ्यात कौसाबाईंनीच विषय काढला. चहाची बशी खाली ठेवत त्यांनी विचारलं, हा समुद्र कुणाचा आहे? मी म्हटलं, कुणाचाच नाही मावशी, असाच घेतलाय. त्या म्हणाल्या, संतोषला समुद्र काय दाखवायचा, तो तिकडं रोजच बघून राह्यला. मग बोटं मोजत त्यांनी माझ्या धंद्याचा मला धडा दिला.

"हे बघ मंगल. अंगण खरं हाय. सून खरी हाय. पोट खरं हाय. नसलेला एकटा संतोष हाय. मंग त्याला लाव की तुह्या पडद्याला. हिला काहून लावती?"

मी वर्षभर हे काम करत होते. फोनवरच्या मुलांचे शंभर व्हिडिओ पाहिले होते. पडदा हजर माणसाला लागतच नाही, नसलेल्याला लागतो, ही इतकी सोपी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. पल्लवीला हिरव्या साडीत, हिरव्या चुड्यात तिच्याच अंगणात खुर्चीवर बसवायचं, आणि मस्कतहून आलेला संतोष कापून तिच्या मागे उभा करायचा. समुद्र, चंद्र, हंस सगळं रद्द. हंसांचं मला थोडं वाईट वाटलं.

शुक्रवारी सकाळीच मी यांना घेऊन केदारखेड्याला गेले. अंगण सारवलेलं, कडेला शेवग्याचं झाड, गोठ्यात म्हैस. ऊन डाव्या हातानं येत होतं. तेवढं मी संतोषला कळवलं: उजेड तुझ्या डाव्या बाजूनं ठेव. मग टेप काढला. पल्लवीला खुर्चीवर बसवून जमिनीपासून तिच्या खांद्यापर्यंत माप घेतलं आणि तेही कळवलं, कारण तिला नवऱ्याचा हात खांद्यावर हवा होता. हवेत हात धरून उभं राहिलं की तो थरथरतो, त्यामुळे त्याला त्या उंचीचं काहीतरी टेकायला हवं होतं. संतोष क्रेनवाला. त्याला उंचीबिंची सांगावी लागत नाही. त्यानं पाण्याचा प्लास्टिकचा ड्रम विटांवर ठेवून बरोबर तेवढा केला. खोलीतल्या दोन मित्रांनी हिरवी चादर धरली. चार वेळा त्यानं व्हिडिओ पाठवला. पहिल्यात मित्राचा अंगठा, दुसऱ्यात अख्खा मित्र, तिसऱ्यात चादरीच्या चुण्या. चौथा चांगला होता. संतोष डावीकडे बघतो, चार आकडे मोजेपर्यंत थांबतो, मग हात ड्रमवर ठेवतो.

इकडे पल्लवीचा व्हिडिओ घेतला. शेवग्याखाली दोरीच्या खाटेवर बसून मी दोघांना एकत्र केलं, आणि या वेळी आधी स्वतः बघितलं. तेव्हापासून पहिला व्हिडिओ मी एकटीच बघते, आजपर्यंत.

संतोष आपल्या अंगणात उभा होता. मागे त्याची म्हैस, त्याचा गोठा, त्याचं दार. पायांखाली मी थोडी सावली टाकली, तर जसा काही आत्ता जीपमधून उतरलाय. हात खाली आला. आणि पल्लवीच्या खांद्याच्या दोन बोटं वर थांबला. तिथंच राहिला, हवेत.

मी त्याला फोन लावला आणि हात वर राहिल्याचं न सांगता नुसतं ड्रमवर काय आहे ते विचारलं. ड्रम निळा होता, तो दिसू नये म्हणून त्यानं वरून मोठा जाड हिरवा टॉवेल घड्या घालून खालपर्यंत सोडला होता. मी माप दिलं ते खांद्याचं. टॉवेलच्या जाडीचं माप कुणीच घेतलं नव्हतं. परत कर म्हणायची सोय नव्हती, सुटी असूनही त्याला ड्युटीवर बोलावणं आलं होतं. संतोषला तेवढंच खाली ओढलं तर त्याचे पाय जमिनीत रुततात. मी स्वतःशीच म्हटलं, जाऊ दे, दोन बोटांनी कुणाला कळणार आहे? फोनवर बघणार, तेही घाईत.

पल्लवी माझ्या मागे येऊन कधी उभी राहिली मला कळलंच नव्हतं. ती म्हणाली, "मला कळलं, ताई."

खुर्चीवर उशी ठेवून पाहिली, तर साडीच्या निऱ्या वर गेल्या आणि उशी डोकवायला लागली. तिकडे बायका ओटी भरायला खोळंबलेल्या. कौसाबाई त्यांना गप्प बसवत होत्या. पल्लवी म्हणाली, उशी काढा, मी करते. तुम्ही फक्त त्यांचा व्हिडिओ मला ऐकू येईल असा लावा. मी दुसऱ्या फोनवर संतोषचा व्हिडिओ लावून खाटेवर ठेवला, माझ्या फोनवर तिचा व्हिडिओ पुन्हा सुरू केला आणि मोठ्यानं आकडे मोजले. एक. दोन. तीन. ती खुर्चीत सैल बसली होती, सात महिन्यांची बाई बसते तशी. चारला तिनं पाठ ताठ केली, खांदा वर उचलला आणि मान त्या बाजूला किंचित कलती केली. तिथं काही नव्हतं. अंगण होतं, ऊन होतं, शेवग्याची दोन पानं पडत होती.

मी आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं. आयुष्यभर गर्दीत "पुढं सरका" म्हणणारा माणूस तोंड फिरवून म्हशीला चारा घालत होता, आणि तिच्यापुढे चारा आधीच होता.

मुलगी झाली. दिवस भरून, वजन चांगलं, आवाज त्याहून चांगला. कौसाबाईंनी मला फोन करून दोनच वाक्यं सांगितली. पोरगी झाली, आणि आता खुशाल बातमी कर.

संतोष सुटीवर आला तेव्हा पोरगी चार महिन्यांची होती. तिघंही माझ्या दुकानात आले, बाळासाठी झबली शिवायला. म्हणजे या वेळी कुणी व्हिडिओसाठी नाही, नुसतं शिवायला माझ्याकडे आलं. मी बाळाचं माप घेत होते. संतोष पडद्याकडे बघत उभा होता. शेवटी म्हणाला, "ताई, तो हात बराबर बसला होता का? नंतर ध्यानात आलं, टॉवेल मोजायचा राह्यला. व्हिडिओत तर बराबर दिसून राह्यला. तुम्ही केलं का काही?"

आता माझा धंदाच असा की इथं मी "हो" म्हटलं असतं तर खपून गेलं असतं. पण हातात बाळाचं माप होतं, आणि मापाच्या वेळी मी खोटं बोलत नाही. म्हटलं, "नाही रे. दोन बोटं वर होता."

त्यानं पल्लवीकडे पाहिलं. ती खाली बघून बाळाच्या टोपड्याची गाठ बांधत होती.

"मंग?" त्यानं विचारलं.

"मंग काय," ती म्हणाली, वर न बघता. "मंग मी वर आले."